दोन सूत माया

इमारतीच्या सामायिक गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून कठड्याच्या हुकापर्यंत ताणलेल्या दोरीवर एक गोधडी वाळत होती. जुन्या सुती साड्यांची, हात लावला तर साय लागावी इतकी मऊ. मधोमध गडद लाल खणाचा नवाकोरा चौकोन, सहा इंचांचा, दुरूनही नजरेत भरणारा. पहिलंच धुणं असावं. तो चौकोन आटला होता, आटून फोडासारखा वर आला होता, आणि शेजारच्या फिक्या आकाशी साडीला चारही बाजूंनी चुण्या पडल्या होत्या. एका बाजूला साडीने दमच सोडला होता. शिवण उसवली नव्हती. शिवणीच्या भोकाभोकांवरून कापडच सुटलं होतं, टपालाचं तिकीट दातेरी रेषेवरून सुटावं तसं. खणाभोवती आकाशी कापडावर गुलाबी वलय पसरलं होतं, ते वेगळंच. शिवणीत मात्र खोट काढायला जागा नव्हती. मशीनचे बारीक, एकसारखे टाके, गोट चारही कोपऱ्यांत नीट वळवलेला. ही गोधडी बिघडली होती ती सुईत दोरा जाण्याच्या कितीतरी आधी, जमिनीवर कापडं पसरून बसल्या वेळी.

आणि त्या वेळचं कुणाला दिसत नाही, हेच मनात रुतून बसलं.

गोधडी बघायला येणारा माणूस टाके बघतो. ओळी किती सरळ, दोन ओळींत बोटभर अंतर सगळीकडे सारखं आहे का, उलट्या बाजूने गाठी दिसतात का. जुन्या बायका मात्र गोधडी हातात घेतली की आधी ती उजेडाला धरतात आणि मग कडेला चिमटीत पकडून थोडी ताणतात. त्या बघत असतात ते बेतणं. कापड कापणं वेगळं आणि बेतणं वेगळं. कात्री चालवली की कापणं होतं. कुठलं कापड, कुठल्या जागी, कुठल्या धाग्यावर, किती मोठं आणि कशाच्या शेजारी, हे ठरवणं म्हणजे बेतणं. रविवारच्या जेवणाचा असतो तोच हा बेत. घरात काय आहे आणि त्यातलं काय आज संपवलं पाहिजे, तिथूनच दोन्ही सुरू होतात.

घरात काय आहे हे बघायला मराठीत शब्दांची तयार उतरंड आहे. धडुतं, धडपा, फडकं, चिरगूट, चिंधी, लक्तर. अजून अंगावर घालता येईल ते धडुतं. फाटलंय पण मोठा तुकडा धड आहे तो धडपा. ओटा पुसण्याच्या लायकीचं ते फडकं. आणि लक्तराला तर कुणी वाली नाही. गोधडीला धडपा लागतो. फडक्याची भरती आतल्या थरात चालते. चिरगूट मात्र कितीही मऊ लागलं तरी बाजूला टाकावं, कारण ते मऊ नसतं, मेलेलं असतं. हा फरक बोटांना कळायला वेळ लागतो. चांगल्या जुन्या सुती कापडाची मऊ आणि विरलेल्या कापडाची मऊ यांत पिकलेलं आणि नासलेलं फळ यांच्याइतकंच अंतर आहे. तुकडा दोन्ही हातांत घ्यायचा, अंगठे मधोमध टेकवायचे आणि बाहेरच्या बाजूला हलका दाब द्यायचा. कापडाने दाब परत दिला तर ठेवा. ‘चर्र’ असा कोरडा आवाज आला, तर त्या भागाचा मोह नको.

साडी एक वस्तू दिसते, पण तिच्यात तीन-चार वयांचं कापड असतं. नेसताना कमरेत आत खोचला जाणारा पहिला हात-दीड हात जवळजवळ नवा राहतो. त्याने ऊन पाहिलेलं नसतं. त्याच्या पुढचा, मागून गुंडाळला जाणारा पट्टा बसून बसून विरतो. निऱ्यांचा भाग वरून ठणठणीत, पण खालची चार-पाच बोटं टाचेखाली येऊन, जमिनीला घासून गेलेली. फॉल लावला असेल तर तिथं कापड वाचतं खरं, पण फॉल उसवल्यावर टाक्यांच्या भोकांची रेघ उरते आणि रंग दोन छटांचा दिसतो. पदराचं तर विचारू नका. खांद्यावर पिनेची भोकं, टोकाला हात पुसलेले, आणि चिमटा हाताशी नाही म्हणून पातेलं उतरवल्याच्या पिवळट खुणा. म्हणून साडी हातात आली की कात्रीच्या आधी खडू. दाराच्या उजेडात एकेक हात सरकवत न्यायची आणि विरलेल्या जागेभोवती खडूने गोल करायचा. नऊवारीला हे काम जुन्या बायकांनी अर्धं करूनच ठेवलेलं असायचं: मधे विरलं की तेवढं कापून काढायचं आणि दोन धड टोकं जोडून दंड घालायचा. असं दंड घातलेलं लुगडं गोधडीला आलं, तर तो दंड उसवत बसू नका. त्यातली ती सगळ्यात भरवशाची शिवण असते.

मग धुणं. हीच पायरी लोक गाळतात आणि गच्चीवरची गोधडी याच पायरीवर घसरली. जुनी साडी शंभर धुण्यांत जेवढी आटायची तेवढी आटून बसलेली असते. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकड्याला तीन ते पाच आटतं, आणि उभ्या, म्हणजे लांबीच्या धाग्यात आडव्यापेक्षा जास्त, म्हणजे चौकोनाचा चौकोनही राहत नाही. म्हणून नवा तुकडा, मग तो खण असो, मांजरपाट असो की दुकानातून आणलेलं अर्धा मीटर छापील कापड, आधी रात्रभर पाण्यात घालायचा. थंड नाही, पुढे गोधडी ज्या पाण्यात धुतली जाणार त्याच पाण्यात. पाण्यात खळ, म्हणजे कापडाला दिलेली कांजी सुटते, बोटांना बुळबुळीत लागते. ती जाईपर्यंत पाणी बदलायचं, कारण खळ राहिली तर पेटीत कसर लागते. ओला असतानाच तो तुकडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून वर पाट ठेवायचा. तासाभराने फडकं पांढरंच असेल तर बरं. गुलाबी झालं तर आणखी दोन धुणी आणि पुन्हा पाटाखाली. तिसऱ्यांदाही रंग सोडला, तर तो तुकडा गडद कापडांच्या संगतीत जाऊ दे, फिक्याच्या शेजारी नको. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं अजून घरोघरी सांगतात. मिठाचा उपयोग रंगवताना, रंग कापडात शिरावा म्हणून. कच्चा राहिलेला रंग ते नंतर धरून ठेवत नाही.

टेरिकॉट, पॉलिस्टर निवडून काढायला काडी पुरते. कडेचा एक धागा ओढून ताटलीत पेटवला की सुताचा कागदासारखा वास येतो आणि बोटाने चुरगळणारी राखाडी राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मिसळ असेल तर दोन्ही थोडं थोडं. पॉलिस्टरची गोधडी होत नाही असं नाही, पण ती घाम टिपत नाही आणि तिचे थर एकमेकांवरून घसरतात. रात्री कूस बदलली की आतली साडी एका बाजूला गोळा. असली कापडं वेगळी काढून त्यांची वेगळी पायपुसणी करावीत.

आता फाडणं. सुती, साध्या विणीचं कापड कात्रीने कापण्यापेक्षा फाडलेलं बरं, कारण कात्री माणसाच्या हाताने चालते आणि फाट धाग्याच्या कलाने जाते. काठ मात्र फाटत नाही. तिथं धागे दाट, शिवाय जर. तो दोन बोटं कात्रीने कापून घ्यायचा, मग दोन्ही हातांच्या मुठीत कडा घट्ट धरून एका दमात. एका दमात हे महत्त्वाचं. थांबत थांबत फाडलं की प्रत्येक थांब्यावर काही धागे ओढले जातात. धडधाकट साडीचा आवाज लांब, एकसुरी येतो, आणि कापसाची बारीक धूळ उन्हात उडते. घरातली म्हातारी माणसं त्या आवाजाने मान वर करून बघतात, हेही नेहमीचंच. साडी फाडल्याचा आवाज घरात आला की क्षणभर काहीतरी वावगं घडल्यासारखं वाटतं. फाटलेल्या कडेचे दोन सूत, म्हणजे पाव इंच, लाटेसारखे वाकडे होतात, ते कात्रीने काढून टाकायचे. आणि कापड फारच जुनं असेल तर फाडूच नका, कारण फाट मधेच वाट सोडून विरलेल्या जागेकडे धावते. तिथं एक धागा सुईने उचलून हळूहळू ओढायचा. कापडावर केसाएवढी रेघ उमटते, तिच्यावरून कात्री चालवायची. वेळ लागतो. लागू दे.

थरांचा हिशेब एकदा कागदावर करून ठेवला की वर्षानुवर्षं उपयोगी पडतो. एकाला पुरेशी गोधडी ६० इंच रुंद, ९० इंच लांब. धावत्या टाक्याने ती आखडते, म्हणून बेतताना ६२॥ (साडेबासष्ट) बाय ९४ धरायची. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच. खालची घासलेली कड काढल्यावर रुंदी साधारण ४० उरते. ९४ इंचांचे दोन तुकडे काढायचे, पदराकडचे २८ इंच बाजूला. पहिला तुकडा अख्खा. दुसऱ्यातून २३ इंचांची पट्टी काढून पहिल्याला जोडली की कडेवर कड चढवलेला अर्धा इंच जाऊन ६२॥ झाले. एक साडी, एक थर. प्रत्येक साडीमागे १७ इंचांची पट्टी उरते. चार साड्यांच्या चार पट्ट्या जोडल्या की ६६॥. म्हणजे चार साड्यांत पाचवा थर फुकट, आणि विरलेल्या जागा टाळायला चार इंच हाताशी. फक्त थर लावताना एका साडीची जोडशिवण डावीकडे, पुढचीची उजवीकडे ठेवा. सगळ्या शिवणी एकावर एक आल्या तर पाठीखाली वरवंटा ठेवल्यासारखं होतं. आणि सगळ्या थरांचा उभा धागा लांबीतच. एखादा थर आडवा गेला की धुण्यात तो आपल्या दिशेने आखडतो आणि बाकीच्यांना घेऊन बसतो.

वरचा थर चौकोन जोडून करायचा असेल, तर खरी परीक्षा इथे. सहा इंचांचे चौकोन, आडवे दहा, उभे पंधरा, एकूण दीडशे. प्रत्येक चौकोन एक सूत कमी पडला, म्हणजे इंचाचा आठवा भाग, तर आडव्यात सव्वा इंच आणि उभ्यात जवळजवळ दोन इंच गेले. आणि सगळे सारखेच कमी पडले तर देवाची कृपा. काही कमी, काही जास्त असले की ओळीला ओळ जुळतच नाही, ओढूनताणून जुळवली तर मधे फुगवटे येतात. चूक बहुतेक वेळा साच्यात असते. पुठ्ठ्याचा साचा वीस-पंचवीस वेळा आखला की त्याचे कोपरे झिजतात, आणि शेवटचे चौकोन पहिल्यांचे धाकटे भाऊ निघतात. त्यापेक्षा जुनी एक्स-रे फिल्म बरी. खांद्यातल्या किंवा गुडघ्यातल्या हाडांच्या सावल्यांमधून कापड दिसतं, त्यामुळे कापडावरचा ठिपका नेमका मधोमध आणता येतो. दुसरी चूक पेन्सिलीची: साच्याच्या बाहेरून रेघ मारायची आणि रेघेच्याही बाहेरून कापायचं, की प्रत्येक तुकडा रेघेच्या जाडीने वाढतो. रेघ कात्रीच्या पात्याखाली गेली पाहिजे. तिसरी चूक हावरेपणाची. चारच्या वर घड्या एकावर एक ठेवून कापल्या की कात्री खालच्या घडीला ढकलते आणि तळातला तुकडा तिरका येतो. गोल पात्याचा कटर आणि खाली चटई असेल तर बरंच सुकर होतं, पण तिथंही पट्टी घट्ट दाबलेला हात निसटला की संपलं. अंगठा पट्टीच्या कडेबाहेर नको, हे सांगायला नको.

साड्या इतक्या लुळ्या असतात की पट्टी ठेवली तरी हलतात. त्यावर उपाय भाताच्या पेजेचा. गाळून, पातळ करून तीत साडी बुचकळायची, दमट असतानाच इस्त्री दाबत फिरवायची, ओढायची नाही. कापड कागदासारखं उभं राहतं, धारदार कापलं जातं. गोधडी पूर्ण झाल्यावर पहिल्या धुण्यात ती पेज काढून टाकायची. आधी खळ घालवा म्हणायचं आणि मग खळ लावा, हे ऐकणाऱ्याला विनोदी वाटतं. आधीची अनोळखी होती, ही आपली.

त्रिकोण हवे असतील तर तीन इंचांच्या जोडीसाठी चौकोन तीन इंच सात सुतांचा कापायचा आणि कर्णावर दोन करायचा. कर्णाची कड उरेप, म्हणजे धाग्याला तिरकी असते. ती रबरासारखी ताणते, नुसती दोनदा हाताळली तरी. म्हणून जाणत्या बायका दोन चौकोन सुलट बाजू आत ठेवून आधी कर्णाच्या दोन्ही अंगांनी शिवतात आणि मग मधून कापतात. उरेप कड मोकळी राहतच नाही.

कर्नाटकात हल्याळ-येल्लापूरकडे आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी करतात, तिच्यात यातलं काहीच नसतं. साचा नाही, पट्टी नाही. खालची साडी पसरून कोपऱ्यातून सुरुवात करायची, हातात येईल त्या तुकड्याची कड दुमडत दुमडत थरांसकट टाचत जायचं, चौफेर फिरत मध्यापर्यंत. शेवटी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या, त्यांना फुला म्हणतात. ती गोधडी कधी बिनसत नाही, कारण तुकडा जागेला बसतो, जागा तुकड्यासाठी कापलेली नसते. हेवा वाटावा अशी रीत आहे. पण तिथंही शेजारी पडलेल्या गठ्ठ्यातून कुठला तुकडा आता उचलायचा, हे हात ठरवूनच उचलतो.

आणि मग माया.

शिवणीच्या आत जाणाऱ्या कापडाला मराठी शिंपी माया म्हणतात. “बगलेत जरा माया ठेवा” हे वाक्य दुकानात दिवसातून पन्नास वेळा उच्चारलं जातं आणि कुणाचाही गळा दाटत नाही. नव्या, घट्ट विणीच्या सुती कापडाला दोन सूत, म्हणजे पाव इंच माया पुरते. जुन्या साडीला चार सूत हवी, कारण तिच्या कडेचे दोन-तीन धागे शिवण्याआधीच निसटून गेलेले असतात. खणासारख्या सुळसुळणाऱ्या कापडाला चारपेक्षा कमी नकोच. गच्चीवरच्या त्या खणाला, चुणीत बोट घालून चाचपल्यावर, आत दोन सूत लागली. सहा इंचांचा चौकोन, साडेसहाचा कापलेला. साडेसहा इंचांना शेकडा चार आटलं की किती जातं? दोन सूत. एका बाजूला ठेवलेली सगळी माया एका धुण्यात गेली. खणाने मग शेजाऱ्याकडून ओढून घेतलं, आणि शेजारची साडी आधीच थकलेली, तिच्यातही मशीनने बारीक टाक्यांची भोकं पाडून ठेवलेली. हाताचा मोठा टाका असता तर कदाचित दोरा तुटला असता आणि कापड वाचलं असतं.

माणसं गेल्यावर त्यांच्या साड्यांचं गाठोडं घेऊन येणाऱ्यांशी हे सगळं बोलणं अवघड असतं. “मावशी, ही आईची आहे. हिच्यातलं काही टाकू नका हं.” गोधडी शिवणाऱ्या मावशी साडी दाराकडे धरतात, तिच्यातून अंगणातली तुळस दिसते. “बाई, चाळण झालीय गं हिची. हा खोचायचा भाग चांगलाय, तो वर मधे लावते. बाकीची आत घालू.” “आत म्हणजे दिसणार नाही?” “दिसणार नाही. घासणारही नाही.” यात रडवेपणा काही नाही, दोन धट्ट्याकट्ट्या थरांच्या मधे विरलेलं कापड वर्षानुवर्षं टिकतं, हा व्यवहार आहे. अगदी वरच लावायचा हट्ट असेल तर त्या तुकड्यामागे त्याच मापाचं मलमल ठेवून दोन्ही एकच समजून शिवायचे. टाका मलमलीला धरतो, साडी नुसती वर बसते. रेशमी साडी आणली तर मात्र नाही म्हणायला शिकावं. तिचं धुणं वेगळं, तिची जर अंगाला टोचते, आणि सुताच्या पंगतीत ती जेवायला बसत नाही.

कापून झालेले तुकडे ढिगात ठेवले तर आठ दिवसांत सगळा बेत विसरतो. दहा-दहाची चळत करून डाव्या वरच्या कोपऱ्यातून जाड दोरा ओवायचा, खाली मोठी गाठ, वर ओळीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी. डावा वरचा कोपरा म्हणजे प्रत्येक तुकड्याचा तोच. त्यामुळे उभा धागा कुठला हे पुन्हा शोधावं लागत नाही. टाचण्या नकोत, पावसाळ्यात गंजाचे ठिपके उमटतात. प्लॅस्टिकची पिशवीही नको, आत दमट राहून बुरशीचा वास धरतो. जुन्या सुती उशीचा अभ्रा, त्यात वेखंडाची पुरचुंडी. डांबराच्या गोळ्या घातल्याच तर जरीच्या काठांपासून लांब. रंगसंगती लावायच्या आधी सगळ्या चळती जमिनीवर मांडून डोळे किलकिले करून बघायचं, किंवा मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढायचा. लाल आणि हिरवा तिथं अनेकदा एकच राखाडी निघतो आणि आपल्याला भारी वाटलेली जोडी सपाट पडते. मात्र रंगाच्या आधी वजन. जाडीला जाडी, पातळाला पातळ. जाड खणाभोवती पातळ साडी ठेवायचीच असेल, तर त्या साडीला मागून अस्तर द्या.

ती गोधडी गेल्या आठवड्यात पुन्हा दोरीवर होती. गुलाबी वलय फिकं झालं होतं, गेलं नव्हतं. लाल चौकोन काढलेला नव्हता. फक्त फाटलेल्या बाजूवरून, आणि मग बहुधा दिसायला बरं म्हणून चारही बाजूंनी, त्याच आकाशी साडीची पट्टी चौकटीसारखी फिरवली होती. या वेळी हाताने, लांब लांब टाक्यांनी. रंग जुळत होता पण छटा थोडी गडद, खोच्याकडची असणार. कोपरा उलटून पाहिला. पट्टीची कड चांगली बोटभर आत दुमडलेली होती.